त्याच्यासमोर विषय काढायचा नाही



गेल्या महिन्यात टपालाने एक जाड पाकीट आले. आत आठ पानांचे पत्र होते. लिहिणारी भगिनी मराठवाड्यातील एका बाजारपेठेच्या गावची आहे. तिचे यजमान नऊ वर्षांचे असताना शिक्षणासाठी चुलत्यांच्या घरी ठेवले गेले. शाळा सुटली की पेढीवर बसायचे आणि हिशेबात चूक निघाली की मार खायचा. तो मार कसा असे हेही तिने लिहिले आहे. ते मी येथे देणार नाही. आज यजमानांचे वय अडतीस आहे आणि भुसाराचे दुकान उत्तम चालते. परंतु एखाद्या वयस्क गिऱ्हाइकाने आवाज चढविला की त्यांचे हात कापू लागतात आणि ते गल्ल्यावरून उठून मागच्या गोदामात जाऊन बसतात. रात्री झोपेत ओरडतात. मुलाने पाढा चुकविला तर एरवी शांत असणारा हा माणूस ओळखू येत नाही. 'डॉक्टरांकडे जाऊ' असे तिने सुचविले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, तीस वर्षांपूर्वीचे काय उकरून काढायचे? चुलते हयात आहेत, भागीदारी आहे, घरात नणंद लग्नाची आहे. पत्राच्या शेवटी तिने विचारले आहे की, इतक्या जुन्या गोष्टीवर उपचार असतो का, आणि तो मागणे म्हणजे घराची बेअब्रू करणे आहे का?

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकातून देता आले असते. पण माझ्या घरातच ते घडले असल्यामुळे तेच सांगते. ज्याची ही हकीकत आहे त्या माझ्या मावसभावाने, 'अक्का, नाव सोडून सगळे लिही,' अशी परवानगी दिली आहे.

३० सप्टेंबर १९९३ ही तारीख सोलापूर, लातूर, धाराशिवकडच्या वाचकांना सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. आपल्याकडे दशलक्षण पर्वाची सांगता झाली होती आणि गावोगावी गणपतींचे विसर्जन आटोपून माणसे उशिरा निजली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. त्या भागातील घरे दोन-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंतींची आणि वर मातीच्या जड माळवदाची. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरे काही सेकंदांत झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ आहे. बावन्न गावे पुढे दुसऱ्या जागी नव्याने वसवावी लागली.

माझी मावशी त्यांपैकी एका गावात नांदत होती. कापडाचे छोटे दुकान होते. काका दिवाळीच्या मालाच्या खरेदीसाठी सोलापुरास आमच्याकडे उतरले होते, म्हणून वाचले. मावशी, तिच्या सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी घरात होत्या. बारा वर्षांचा माझा मावसभाऊ मंडळाच्या मांडवात इतर पोरांबरोबर झोपला होता, म्हणून तोही वाचला. चौथ्या दिवशी काका त्याला घेऊन आमच्या दारात आले. मुलाच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. 'देवाची कृपा, पोराला काही झाले नाही,' असे जो तो म्हणत होता आणि मीही म्हटले होते. तेव्हा मी बावीस वर्षांची होते.

त्या काळी भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातील सुमारे १२०० मुले शिक्षणासाठी पुण्यास आणली. ते काम किती मोठे होते हे आज अधिक कळते. आमचा मुलगा मात्र आमच्याच घरी राहिला आणि घरात आईने एक नियम घालून दिला: त्याच्यासमोर विषय काढायचा नाही. मावशीचे छायाचित्र कपाटात ठेवले गेले. बहिणीचे नाव कोणी घेईना. काका महिन्याभरात बाजारपेठेत एका नातेवाइकाच्या दुकानी उभे राहू लागले आणि २०११ साली वारले तोवर त्यांनीही तोंडातून त्या रात्रीविषयी एक शब्द काढला नाही. आम्ही हे सर्व मायेपोटी केले. त्या मायेबद्दल मला आजही शंका नाही. पण त्या नियमाने काय केले हे समजण्यास आम्हांस तीस वर्षे लागली.

मुलगा मोठा झाला, दुकान वाढविले, लग्न झाले, दोन अपत्ये झाली. त्याच्या काही सवयी होत्या. तो बारा महिने गच्चीवर किंवा दाराशी सतरंजी टाकून झोपे. पहाटे साडेतीनला उठून बसे. घरातील कोणत्याही दाराची कडी रात्री लावू देत नसे; पाहुणे आले तरी नाही, चोरीची भीती दाखविली तरी नाही. एकदा नव्या सुनेने, म्हणजे त्याच्या पत्नीने, नकळत कडी लावली तर त्याने असा आरडाओरडा केला की शेजारी धावले. आम्ही म्हणत असू, स्वभाव आहे. साडेतीनला उठतो म्हणून माझी आई त्याचे कौतुक करी: पोरगा सामायिकाला बसतो! तो सामायिकाला बसत नसे, पहाटेचा चार वाजेपर्यंतचा तो अर्धा तास संपण्याची वाट पाहत बसत असे, हे त्याने मला गेल्या वर्षी सांगितले.

६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात भूकंप झाला. दुकानातल्या दूरदर्शन संचावर ढिगाऱ्यांची चित्रे दिवसभर चालू होती. तो दिवसभर ती पाहत बसला, रात्री जेवला नाही आणि त्यानंतर जवळजवळ महिनाभर त्याला धड झोप लागली नाही. छातीत धडधड होई, घाम फुटे. घरच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, रक्त तपासले. सर्व ठीक निघाले. त्या डॉक्टरांचे मी मनापासून आभार मानते, कारण त्यांनी झोपेच्या गोळ्यांची चिठ्ठी लिहून त्याला घरी पाठविले नाही. त्यांनी विचारले, 'तुमचे मूळ गाव कोणते?' आणि उत्तर ऐकून मनोविकारतज्ज्ञांचे नाव लिहून दिले.

तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, 'अक्का, मी तुला वेडा दिसतो का?'

पंधरा दिवस तो गेला नाही. त्याच्या मनात तेच होते जे पत्रलेखिकेच्या सासूबाईंच्या मनात आहे. बाजारात कळले तर लोक उधारी द्यायला कचरतील, मुलीच्या बायोडाटावर कोणी बोट ठेवील. शेवटी मुलीनेच त्याला हलविले. तिची बारावीची परीक्षा चालू होती, पुढे पुण्यास शिकण्याची इच्छा होती आणि वसतिगृह म्हटले की बाप ठाम नकार देत असे. ती म्हणाली, 'पप्पा, मी कोठेही जाणार नाही, सोलापुरातच शिकेन, पण तुम्ही झोपा.' दुसऱ्या दिवशी तो गेला.

येथे थोडे थांबून, हा आजार काय असतो ते सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धातील सैनिकांच्या थरथरणाऱ्या हातांना तोफगोळ्यांचा धक्का समजले गेले होते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानपुस्तिकेत त्यास स्वतंत्र नाव दिले. मराठीत त्यास आघातोत्तर तणाव विकार म्हणतात. ज्याच्यावर आघात झाला त्या प्रत्येकाला हा विकार होतो असे नाही; बहुतेक माणसे कालांतराने सावरतात. ज्यांना तो होतो त्यांच्या बाबतीत ती घटना स्मृतीत जाऊन बसत नाही, तर वर्तमानात राहते. आवाज, वास, घड्याळातील वेळ अशा एखाद्या निमित्ताने शरीर पुन्हा त्या क्षणी जाऊन पोहोचते. मनुष्य मग त्या निमित्तांना टाळू लागतो, सदा सावध राहतो, चटकन भडकतो, आणि पुष्कळदा आतून स्वतःलाच दोष देत असतो. भूकंप, अपघात, दंगल, बालपणीचा मार, अत्याचार, कोणत्याही कारणाने हे होऊ शकते. किती वर्षे लोटली याचा त्याच्याशी फारसा संबंध नसतो. म्हणून पत्रलेखिकेच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: होय, तीस वर्षांनंतरही उपचार होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली यासाठी दोन प्रकारच्या मानसोपचारांची शिफारस केली. एक, आघातावर केंद्रित असलेली विचार व वर्तनाची उपचारपद्धती; दुसरी, डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्याने आठवणीची धार कमी करण्याची पद्धती, जिला ईएमडीआर म्हणतात. या दोन्ही गोष्टी प्रशिक्षित माणसाचे काम आहेत. त्याच संघटनेने हेही सांगितले आहे की घटना घडल्यावर लगेच माणसाला बसवून सर्व काही वदवून घेण्याचा उपाय करू नये. म्हणजे आईचा नियम चुकीचा होता म्हणून आम्ही त्याच्याभोवती बसून रोज प्रश्न विचारायला हवे होते, असेही नाही. त्याला जेव्हा बोलायचे होते तेव्हा आम्ही ऐकायला हवे होते. त्याविषयी पुढे सांगते.

हल्ली दोन दिवसांच्या शिबिरात मनातले सर्व घाव बरे करून देतो अशी पत्रके आपल्या स्थानकांच्या आणि मंदिरांच्या बाहेरही वाटली जातात. शंभर माणसांसमोर माइक हातात देऊन रडविणे म्हणजे उपचार नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मावसभावाला मनोविकारतज्ज्ञांनी एक गोळी सुरू केली आणि आठवड्यातून एकदा एका मानसशास्त्रज्ञ बाईंकडे जाण्यास सांगितले. हा फरक वाचकांनी लक्षात ठेवावा. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असतो आणि औषध लिहितो. चिकित्सा करणारा मानसशास्त्रज्ञ बोलण्याच्या मार्गाने उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असली पाहिजे. ती विचारण्यात संकोच करू नये. आपण मालाचा नमुना पाहिल्याशिवाय सौदा करत नाही.

पहिला महिनाभर त्या बाईंनी त्याला भूकंपाविषयी काहीच विचारले नाही. झोपायची वेळ, चहा किती, श्वास कसा घेतो, बसल्या जागी पायाखालची फरशी जाणवते का, असे प्रश्न. तिसऱ्या भेटीनंतर तो माझ्याकडे येऊन चिडून म्हणाला, 'पन्नास मिनिटांचे पैसे घेतात आणि श्वास घ्यायला शिकवतात.' मला हसू आले, त्यालाही आले. पण ते श्वासाचे शिक्षण पुढच्या वाटेसाठी होते. सहाव्या भेटीनंतर त्याची अवस्था आधीपेक्षा वाईट झाली. झोप पुन्हा गेली, दुकानात दोन दिवस तो गेलाच नाही. बाईंनी याची कल्पना त्याच्या पत्नीला आधीच देऊन ठेवली होती. ती नसती तर आम्ही सर्वांनी मिळून उपचार त्याच दिवशी बंद केला असता.

त्या सहाव्या भेटीत त्याने ती रात्र सांगितली होती. पुढे एका दुपारी माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून त्याने मलाही सांगितली.

विसर्जनाहून आल्यावर धाकट्या बहिणीने हट्ट धरला की मीही दादाबरोबर मांडवात झोपणार. मित्र हसतील म्हणून तो तिच्यावर खेकसला. ती मागे मागे येऊ लागली, तेव्हा त्याने तिला आत ढकलले आणि दाराला बाहेरून कडी लावून तो पळाला.

एवढेच. बारा वर्षांच्या मुलाने केलेली एवढीच गोष्ट. तीस वर्षे त्याची समजूत होती की आपण कडी लावली नसती तर त्या बाहेर आल्या असत्या.

ऐकताना मला एक जुनी संध्याकाळ आठवली. तो पंधरा-सोळा वर्षांचा असेल. सोलापुरात विसर्जनाची मिरवणूक आमच्या गल्लीतून चालली होती. मी माहेरी आले होते. तो माझ्याजवळ येऊन म्हणाला होता, 'अक्का, त्या रात्री मी दाराला...' आणि मी त्याचे वाक्य पुरे होऊ दिले नव्हते. 'जाऊ दे रे, नको आठवूस,' असे म्हणून त्याच्या हातात खोबऱ्याची वडी ठेवली होती. मी विचारले, तुला आठवते का? तो म्हणाला, 'आठवते. वडी गोड होती.' यावर मी काय बोलणार होते!

बाईंनी त्याला 'तुझी चूक नव्हती' असे एकदाही म्हटले नाही. ते आम्ही कोणीही म्हटले असते आणि त्याने ऐकले नसते. त्यांनी त्याला ती रात्र पुन्हा पुन्हा, बारीकसारीक तपशिलांसह सांगावयास लावली. तो आवाज ध्वनिमुद्रित करून घरी ऐकावयास दिला. मग प्रश्न विचारले. ज्या घरांना कडी नव्हती त्या घरांतील माणसे बाहेर आली का? भिंती पडायला किती वेळ लागला? आज तुमच्या दुकानात बारा वर्षांचा मुलगा उभा असला तर त्याला पहाटे भूकंप होणार हे ठाऊक असेल का? त्याने गावातल्या वाचलेल्या दोघा जुन्या मित्रांना फोन करून विचारले. त्यांच्या घराची दारे उघडीच होती. एकाचे सगळे गेले. ही चौकशी त्याने व्यापारी माणसाच्या चिकाटीने केली, आणि उत्तर त्याचे त्याला मिळाले.

त्यानंतर पायरीपायरीने पुढे गेले. आधी मावशीचे छायाचित्र कपाटातून निघाले. मग गावाच्या रस्त्याने मोटारीतून न थांबता जाऊन येणे झाले. मग एके दिवशी पत्नीसह तो जुन्या गावठाणात उतरला. तेथे आता झुडपे आहेत आणि दगडांचे ढीग. एकूण चौदा महिने लागले. गोळी हळूहळू कमी करून डॉक्टरांनी थांबविली. ती त्याने मनाने सोडली नाही, हे मुद्दाम लिहिते.

आपल्या घरांत हमखास निघणाऱ्या दोन-तीन गोष्टींविषयी बोलते. 'पूर्वकर्माचा उदय आहे, जप वाढवा' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पाय मोडल्यावर आपण जपही करतो आणि प्लास्टरही घालतो. शिवाय मनातील शल्य गुरूंसमोर उघडे करून सांगण्याची आलोचना ही आपल्याकडे जुनीच रीत आहे. काट्यास लपवून ठेवा असे आपल्या आचार्यांनी कोठे सांगितले आहे? मात्र मुनिमहाराज किंवा साध्वीजी यांचे काम वेगळे आणि चिकित्सकाचे वेगळे. दुसरी गोष्ट उपवासांची. मनाच्या औषधांपैकी काहींचा, विशेषतः लिथियमचा, निर्जळ उपवासाशी मेळ बसत नाही. शरीरातील पाणी कमी झाले की त्याचे प्रमाण धोक्याच्या पातळीस जाऊ शकते. चौविहार किंवा अठाई करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. रात्रीच्या गोळीची वेळ सूर्यास्तापूर्वी घेता येईल का, हेही निःसंकोच विचारावे. पुष्कळदा घेता येते. कॅप्सूलचे आवरण जिलेटिनचे असते, ते नको असल्यास गोळी मागावी. नियम मोडेल या भीतीने औषधच न घेणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि यांतील एकही प्रश्न त्यांनी डॉक्टरांना विचारलेला नसतो.

खर्चाचे व गुप्ततेचे म्हणाल तर २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच वागवावे असे म्हटले आहे. तथापि रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या भेटींचा खर्च आपल्या पॉलिसीत बसतो की नाही, हे वाचून पाहावे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. टेली मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून त्यावर मराठीतून कोणत्याही वेळी बोलता येते. गावात ओळखीचे लोक पाहतील ही भीती असणाऱ्यांनी तेथूनच सुरुवात करावी.

मावसभावाची मुलगी पहिले वर्ष सोलापुरात शिकली आणि २०२४ च्या जुलैत पुण्यास गेली. तिला पोचविण्यास तो स्वतः गेला होता. परत आल्यावर त्याच्या पत्नीने मला सांगितले, खोलीतून निघताना त्याने दाराची कडी दोनदा लावून-काढून पाहिली, आणि मुलीला म्हणाला, 'रात्री आतून लावत जा.' स्वतः मात्र अजून कडी न लावता झोपतो, पण घरात, पलंगावर. बाई म्हणाल्या, राहू द्या.

आता पत्रलेखिका भगिनीस. आपल्या यजमानांना 'तुम्हांला आजार आहे' असे सांगू नका. 'तुमची झोप नीट व्हावी असे मला वाटते, मी बरोबर येते' एवढेच म्हणा. पहिल्या भेटीत चुलत्यांचे नाव काढावेच लागते असे नाही, आणि उपचारासाठी त्यांना जाब विचारावा लागतो असेही नाही. भागीदारीचे काय करायचे तो निर्णय वेगळा, तो यजमान पुढे सावकाश घेतील. मुलावर हात उगारला गेला तर मात्र ते आजच, तेथल्या तेथे थांबवा आणि डॉक्टरांना तेही सांगा. सासूबाईंना हा अंक वाचावयास द्या. पत्र आपले आहे हे त्यांना कळणार नाही इतके तपशील मी बदलले आहेत. पुन्हा लिहाल तेव्हा पाकिटावर 'खासगी' असे लिहा, म्हणजे ते कार्यालयात न उघडता माझ्याकडे येईल.